ओठ न हलवता

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या आठवड्यात, एका संध्याकाळी, मी ओठ न हलवता इंग्रजीचा एक उतारा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. नाना, म्हणजे माझे वडील, समोर बसले होते. त्यांचा हात टेबलावर होता. तो उचलला गेला नाही. मी पुस्तक मिटलं. नाना म्हणाले, "आते काहीच दिसत नही." माय स्वयंपाकघरातून बाहेर आली, तिनं आमच्या दोघांकडे पाहिलं आणि ती परत आत गेली.

आमचं घर धुळ्याच्या बाहेर, शिरपूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून होतं. घराच्या मागच्या भिंतीपलीकडे जीन होता, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याचा कारखाना. दिवाळी झाली की कापसाच्या गाड्या रस्त्यावर रांगेनं उभ्या राहायच्या आणि जीन सुरू व्हायचा. तो आवाज मोठा होता असं मला लहानपणी कधी वाटलं नाही, कारण तो नसण्याची सवयच नव्हती. भिंतीला पाठ टेकली की पाठीत तो लागायचा. वाटीतल्या वरणावर बारीक वलयं उठायची. कापसाचे तंतू हवेत तरंगत घरात यायचे, मच्छरदाणीवर बसायचे, दुधाच्या पातेल्यात पडायचे, आणि सकाळी खिडकीतून उन्हाची तिरीप आली की त्यात ते इतक्या सावकाश फिरायचे की मी दात घासायचे विसरून त्यांच्याकडे बघत उभी राहायची. मग उन्हाळा लागता लागता एक दिवस जीन थांबायचा. त्या दिवशी कानात काहीतरी सांडल्यासारखं व्हायचं. चिमण्या, रस्त्यावरचे टेम्पो, मायच्या बांगड्या, सगळं एकदम जवळ यायचं.

नानांना तो फरक कळत नसे. ते जीनमध्ये फिटर होते आणि मी शाळेत जायला लागले तोवर त्यांचे कान पुरते गेले होते. पण त्यांच्याशी बोलताना कुणाला ओरडावं लागत नसे. जीनमध्ये एवढ्या आवाजात कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं नुसते ओठ हलवून बोलत. घशातून आवाज काढायचाच नाही. या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाला चहा आला म्हणून सांगायचा, तोही तिथूनच त्याची चेष्टा करायचा, आणि दोघं हसायचे तेही बिनआवाजी. मी लहानपणी नानांचा डबा घेऊन दारात उभी राहायची तेव्हा मला ती सगळी माणसं पाण्याखाली असल्यासारखी दिसायची. नानांनी ही बोली घरी आणली आणि माय ती शिकली. त्यामुळे आमच्या घरात मोठ्यानं बोलणं जवळजवळ नव्हतंच. पाहुणे आले की जरा वेळानं अवघडायचे. आम्ही तिघं एकमेकांकडे बघत ओठ हलवतोय, मधेच नाना खो खो हसतायत, आणि त्यांना वाटायचं आपल्याबद्दलच काहीतरी चाललंय. कधीकधी ते खरंही असायचं.

भांडणंही अशीच व्हायची. माय चुलीपाशी उभी राहून नानांना भराभरा सुनावायची, ते उलट बोलायला लागले की ती पाठ फिरवायची. नानांना दिसेनासं झालं की भांडण संपलं. पण नानाही काही कमी नव्हते. मायचं बोलणं लांबलं की ते डोळे मिटून घ्यायचे. मग ती त्यांच्या गुडघ्यावर चापट मारायची आणि म्हणायची, "उघडा डोया! मन्हं व्हयेल नही अजून!"

या बोलीत एक अडचण होती. प, फ, ब, म ही अक्षरं ओठांवर सारखीच दिसतात, आणि क, ट, ग तर दिसतच नाहीत, ती तोंडाच्या आत होतात. त्यामुळे बाप, माप आणि पाप यांत फरक करायचा तो अंदाजानं. एका दिवाळीच्या तोंडावर माय नानांना दारातून म्हणाली, येताना किलोभर बटाटे आणा. नाना संध्याकाळी फटाके घेऊन आले. किलोनं मिळत नाहीत म्हणून अंदाजानं आणले, असंही वर म्हणाले. मी त्या रात्री जेवले की नाही आठवत नाही, पण फुलबाज्या पुष्कळ लावल्या.

आता जीन बंद पडून पुष्कळ काळ लोटला. तिथे मंगल कार्यालय झालं आहे. लग्नसराईत डीजे लागतो तेव्हा वाटीतल्या वरणावर पुन्हा वलयं उठतात, पण त्या मांडवात बिनआवाजी बोलता येणारं आता कुणी नाही. माणसं एकमेकांच्या कानात ओरडतात आणि तरी त्यांना परत परत विचारावं लागतं.

मी एकुलती. बोलायला कुणी नाही म्हणून वाचायला लागले असं माय सांगायची. मला वाटतं तसं काही नव्हतं, वाचनालय शाळेच्या वाटेवर होतं एवढंच. मी रोज एक पुस्तक आणायची आणि दुपारचा चहा झाला की ओट्यावर, लिंबाच्या सावलीत, भिंतीला टेकून बसायची. नानांची पाळी संपलेली असायची. ते समोर बाजेवर बसायचे, हातात काहीतरी असायचं, एखादं बेअरिंग, नाही तर नुसतीच सुपारी. ते काही बोलत नसत. मीही बोलत नसे. ऊन ओट्यावरून उतरून अंगणात जायचं, अंगणातून रस्त्यावर, आणि मग इतकं अंधारून यायचं की अक्षरं एकमेकांत मिसळायची. तेव्हा मी पुस्तक मिटायची, आणि नाना त्याच वेळी उठून हातपाय धुवायला जायचे. आम्ही दोघं इतकी वर्षं एकाच वेळी उठतो याचं मला कधी नवल वाटलं नाही.

मी जळगावला राहून वनस्पतिशास्त्रात एम. एस्सी. केलं, केळीवरच्या रोगांचा थोडा अभ्यास केला, आणि माझ्या सरांच्या सांगण्यावरून इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात अर्ज केला. मला तिथे जागा मिळाली, फीही माफ झाली. अट एकच होती, इंग्रजीच्या परीक्षेत चारही भागांत ठरलेले गुण मिळायला हवेत. लिहिणं जमलं, ऐकणं जमलं, बोलणं कसंबसं जमलं, आणि वाचण्यात मी नापास झाले. वाचण्यात! माय आठवडाभर प्रत्येकाला सांगत होती की कागद बदलला असेल. पण कागद बदलला नव्हता. एका तासात तीन लांबलचक उतारे वाचून प्रश्न सोडवायचे होते, आणि मी दुसऱ्या उताऱ्याच्या शेवटी पोचले तेव्हा वेळ संपत आली होती. तिसरा उतारा मी पाहिला तो एखाद्या गावातून बस न थांबता जाते तसा. विद्यापीठानं कळवलं की जागा पावसाळ्यापर्यंत राखून ठेवू, तोवर पुन्हा परीक्षा द्या. त्यानंतर नाही.

म्हणून मी जळगावात भाभीच्या वर्गाला जाऊ लागले. भाभी म्हणजे तिथल्या एका मारवाडी कापड दुकानदाराची सून. ती दक्षिणेत वाढलेली, कॉन्व्हेंटात शिकलेली. दुकानाच्या वरच्या मजल्यावर, साड्यांच्या गठ्ठ्यांच्या मधोमध, ती आम्हाला इंग्रजी शिकवायची. दुकानातले नोकर तिला भाभी म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. वर्ग शनिवार-रविवारी असायचा. मी धुळ्याहून एसटीनं जायची, पारोळा, एरंडोल करत. मधे कापसाची रिकामी रानं, मग जळगाव जवळ आलं की केळीच्या बागा, मोठमोठी फाटकी पानं वाऱ्यावर एका लयीत हलणारी, आणि त्या हिरव्या उजेडात मांडीवर उघडं पुस्तक. मला वाटायचं, ही बस जरा हळू गेली तर बरं. भाभीला नेमकं उलटं हवं होतं.

तिनं मला पहिल्याच दिवशी पकडलं. सगळे उतारा वाचत होते. ती बाकांमधून फिरत होती, माझ्यापाशी थांबली, खाली वाकली आणि म्हणाली, "अगं, तू वाचते कुठे? तू तर बोलून राहिली!"

मी म्हटलं, "नाही भाभी, मनातच वाचतेय."

"मनात? हे बघ." तिनं माझाच हात धरून माझ्या गळ्याला लावला. "वाच आता." मी वाचू लागले आणि माझ्या बोटांना माझा गळा थरथरताना लागला. "आवाज नाही, पण बोलणं चालू आहे. ओठ तर असे हलतात की समोरच्याला वाटेल तू त्याला शिव्या देते." वर्ग हसला. "जिभेच्या गतीनं वाचशील तर तिसरा उतारा पुढच्या जन्मी. डोळ्यांनी वाच. शब्द शब्द नको, ओळ उचल. ओठ बंद."

मला माहीतच नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं. शाळेत सगळ्यांची लहानपणी ही सवय जाते म्हणे, माझी गेली नाही. आज मला वाटतं, ज्या घरात बोलणं म्हणजेच ओठ हलवणं, तिथे ती जाणार तरी कशी? मला वाचणं आणि बोलणं एकच वाटत होतं. पुस्तक माझ्याशी बोलायचं ते माझ्याच तोंडानं.

मी घरी येऊन सांगितलं. माय हसत सुटली. म्हणाली, "हाई ते बठ्ठास्ले माहीत शे. तूच तेवढी राहेल व्हतीस." मग उपाय सुरू झाले. भाभीनं सांगितलेली पेन्सिल दातांत धरून झाली, लाळ गळून उतारा भिजला. मायनं लवंग जिभेखाली ठेवायला सांगितली, ती मी पाचव्या ओळीला चावून टाकायची. तोंडात पाणी धरून पाहिलं, ते मी हसले तेव्हा नानांच्या सदऱ्यावर गेलं. ओठ बंद ठेवले तरी ते आतल्या आत हलायचे, आणि हलले की मला कळायचं नाही. कुणीतरी समोर बसून सांगायला हवं होतं.

नाना म्हणाले, "मी बसस."

माझ्या ओठांवर नजर ठेवायला त्यांच्याइतकं तयार माणूस दुसरं नव्हतं. ओट्यावर टेबल आलं. मी एका बाजूला, नाना दुसऱ्या बाजूला. माझे ओठ हलले की त्यांनी टेबलावर बोटाचं पेर आपटायचं. त्यांना ते ऐकू येत नसल्यामुळे किती जोरात आपटतोय याचा त्यांना अंदाज नसायचा. पहिल्या दिवशी एका उताऱ्यात इतकं आपटणं झालं की शेजारच्या सुमनमावशी कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "नाना, खिळा ठोकी राह्यनात का? थोडं हळू! पोरगं झोपेल शे." नानांनी त्यांचे ओठ पाहिले आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हाई खिळा जात नही."

उन्हाळा चढत गेला. जीन थांबला होता. माय गच्चीवर बिबडे घालायची, ज्वारीच्या त्या पातळ चकत्या बाजांवर पसरलेल्या असायच्या आणि त्यांचा आंबूस वास जिन्यावरून खाली यायचा. मी वाचायची. प्राचीन शहरांची सांडपाण्याची व्यवस्था, काचेचा शोध, झोपेवरचे प्रयोग, कुठल्या तरी थंड देशातल्या पक्ष्यांचं स्थलांतर. टक्. पुन्हा. टक्. ते उतारे कुणी आणि कशासाठी लिहिले असतील याचा मी विचार करायची. त्यात कुणी कुणावर रागावत नसे, कुणी मरत नसे, सगळं जग धुवून वाळत घातल्यासारखं. एकदा एक उतारा मधमाश्यांवर होता. नाना नेहमीसारखे समोर. खूप वेळ त्यांनी आपटलंच नाही. मला वाटलं, जमलं! मी वर पाहिलं तर ते कपाळाला आठ्या घालून माझ्या तोंडाकडे बघत होते.

"कोण शे हाऊ?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"हाऊ माणूस. सारखा मी, मी, मी करी राह्यना. भलताच गर्विष्ठ शे."

मला उलगडायला वेळ लागला. इंग्रजीत मधमाशीला बी म्हणतात, आणि ओठांवर बी आणि मी एकच. मी इतकी हसले की माय पिठाच्या हातांनी बाहेर आली. तिला सांगितलं, तीही हसली, मग म्हणाली, "मंग पुढे काय व्हयनं त्या माणूसनं?" मला तो प्रश्न विनोद वाटला. नानांनी मात्र तिला उत्तर दिलं, की अजून मोहोळाचंच चाललंय, बघू. त्या वेळी मी पुढच्या उताऱ्याकडे वळले.

टक् कमी होत गेलं. ओळी डोळ्यांत सरळ उतरायला लागल्या, आवाजाशिवाय. ते फार विचित्र वाटायचं. पान दिसायचं, कळायचं, पण कुणी बोललेलं नसायचं. आणि मग ती संध्याकाळ आली जिच्याबद्दल मी सुरुवातीला लिहिलं.

दुसऱ्या दिवसापासून मायनं आखाजीची तयारी काढली. आमच्याकडे आखाजीला मांडे करतात, उलट्या घातलेल्या मोठ्या खापरावर भाजलेल्या, रुमालासारख्या पातळ पुरणपोळ्या, आणि त्याबरोबर आमरस. माय पुरणाचा गोळा दोन्ही हातांवर घेऊन फिरवत फिरवत मोठा करायची, तो तिच्या कोपरांपर्यंत पसरायचा, आणि मग एका झोकात खापरावर. आखाजीच्या दिवशी मी खाली बसून आंबे पिळत होते. खापराच्या धगीनं तिचा चेहरा लाल झाला होता. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, या वेळी आवाजात, "तुन्हा नाना आते माले काय सांगतीन?"

"काय सांगतीन म्हणजे?"

"गोष्टी."

"कसल्या गोष्टी?"

माय थांबली. मांडा खापरावर जळायला लागला, तो तिनं उलथन्यानं काढला. मग तिला कळलं की मला माहीत नाही, आणि मलाही कळायला लागलं. शाळेपासून, मी ओट्यावर बसून वाचायची तेव्हा, नाना समोर बसून माझ्या ओठांवरून ते पुस्तक वाचत होते. मराठी पुस्तकं. सगळं दिसत नसे, मी मान वळवली की पानभर जायचं, काही शब्द कळत नसत, पण ते जोडून घेत. आणि मग जेवणं झाली की ते मायला त्या दिवशी वाचलेलं सांगत. मायला अक्षरओळख होती तेवढीच, दुकानाच्या पाट्या वाचण्यापुरती. पण तिनं माझ्याइतकीच पुस्तकं वाचली होती. मी जळगावला होते ती दोन वर्षं त्यांच्याकडे गोष्ट नव्हती. मी सुट्टीला आले की पुन्हा सुरू.

"ती टांगावाली आठवस का तुले?" माय म्हणाली. "नवरा गया आन् तिनीच टांगा हाकाले सुरुवात करी. काय बाई व्हती! मी ते इतली रडनू, इतली रडनू, पन शेवट चांगला व्हयना."

मला ती कादंबरी आठवत होती. शेवट चांगला नव्हता. मी म्हटलं, "माय, ती तर शेवटी मरते."

"कोन म्हने? ती पारोळाले जास. तठे खानावळ टाकस."

मी आमरसाचे हात तसेच घेऊन बाहेर गेले. नाना बाजेवर होते. मी त्यांच्यासमोर उभी राहून ओठांनी विचारलं, त्या टांगेवालीचं शेवटी काय झालं. त्यांनी लगेच सांगितलं, पारोळ्याला गेली. मी म्हटलं, नाही, पुस्तकात होतं की मरून गेली. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतःच ओठ हलवून पाहिले, आधी एक, मग दुसरं. मरून गेली. पारोळे गेली. मला आठवलं, त्या शेवटच्या पानाशी मी इतकी गुंतले होते की अंधार पडला तरी वाचत होते.

"मरनी?" नाना म्हणाले. "मी ते पारोळा समजनू. आन् खानावळ... ती मीच टाकी दिन्ही. पारोळाले जाईसन ती करी काय?"

माय माझ्या मागे दारात उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं. नानांनी तिच्याकडे चोरट्यासारखं बघितलं. ती म्हणाली, "पुस्तकवालाच चुकना व्हई," आणि आत गेली, कारण खापर तापलेलं होतं.

परीक्षेला दोनेक आठवडे राहिले होते. त्या संध्याकाळी टेबल मांडलं, नाना समोर बसले, मी उतारा उघडला आणि ओठ हलवायला सुरुवात केली. मुद्दाम. मराठीत बोलावं तसं स्पष्ट, एकेक शब्द. मला वाटलं, राहू दे ती परीक्षा. इथे जळगावात प्रयोगशाळेत नोकरी मिळेल, संध्याकाळच्या गाडीनं घरी येता येईल. मी हे ठरवलं असं म्हणता येणार नाही. ते उन्हासारखं माझ्यावरून सरकत होतं.

टक्.

मी थांबले नाही. टक्. टक्. मग नानांनी पेरानं नाही, तळहातानं टेबलावर मारलं, आणि सुमनमावशी कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. नाना मोठ्यानं बोलले. ते मोठ्यानं बोलले की आवाज वरखाली व्हायचा, त्यांना तो आवरता येत नसे, म्हणून बाहेरच्यांसमोर ते बोलायचेच नाहीत.

"व्हट बंद! परीक्षा तुन्ही शे, मन्ही नही."

"पण नाना, तुमचं वाचणं..."

"मन्हं काय? मी वाचे कोठे? तू वाचे."

मी म्हटलं, मी तुम्हाला वेगळं वाचून दाखवीन. उतारे झाले की रोज एक गोष्ट, मराठी, तुमच्याकडे तोंड करून, सगळे शब्द दिसतील असं. ते हो म्हणाले. आणि मी दाखवलंही, तीन-चार संध्याकाळी. वाचनालयातून मी चांगलं, हसवणारं पुस्तक आणलं. मी पुस्तक बाजूला धरून, मान वर करून, ओठ ताणून वाचायची. नाना नीट लक्ष देऊन बघायचे. कुठे अडलं की मी परत सांगायची. पारोळ्याला जायला आता कुठे जागाच नव्हती. चौथ्या संध्याकाळी त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"राहू दे पोरी."

"का? समजत नाही का?"

"बठ्ठं समजस." ते थोडा वेळ सुपारी फिरवत राहिले. "पहिले तू वाचे. आते तू माले वाची दखाडस. तू मन्हाकडे दखस, पुस्तककडे नही."

ते खरं होतं. मी पुस्तकात हरवलेली असताना, मला कुणी बघतंय हे मला ठाऊक नसताना जे ओठांवर यायचं, ते मला ठरवून आणता येत नव्हतं. रागाचं वाक्य आलं की माझा खालचा ओठ दातात जायचा, म्हणे. नदीचं वर्णन आलं की मी फार सावकाश व्हायची. नानांनी हे मला त्या दिवशी सांगितलं, एकेक, एखाद्या यंत्राच्या खोडी सांगाव्यात तसं. मला त्यातली एकही ठाऊक नव्हती. सांगून झाल्यावर ते म्हणाले, उतारा काढ. मी काढला. त्यांनी टेबलावर हात ठेवला. मी शेवटपर्यंत वाचलं आणि तो हात उचलला गेला नाही, आणि परीक्षेपर्यंत रोज तसंच झालं.

परीक्षा पुण्यात होती. तिसरा उतारा समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या कसल्याशा किड्यांवर होता. मी तो वाचून पूर्ण केला आणि तरी वेळ उरला. त्या उरलेल्या वेळात मी खिडकीतून बाहेर बघत बसले. बाहेर एक माणूस झाडाला पाणी घालत होता. हवे तेवढे गुण मिळाले. भाभीनं दुकानातल्या सगळ्यांना पेढे वाटले आणि मला एक साडी दिली, तिकडे नेसशील म्हणून. मी ती तिकडे कधी नेसले नाही, पण दर घरबदलात ती माझ्याबरोबर आली.

मी गेले ती पुष्कळ वर्षं राहिले. फोनवर नानांशी बोलता येत नसे. मी बोलायची, माय ऐकायची आणि समोर बसलेल्या नानांना ओठांनी सांगायची, ते काहीतरी म्हणायचे ते मला ऐकू यायचं, वरखाली होत. पुढे मोबाइलवर चेहरा दिसायला लागला तेव्हा मला फार आनंद झाला. पण चित्र अडखळायचं. माझे ओठ एका शब्दावर थांबलेले असायचे आणि नाना संयमानं वाट बघायचे, पुढचा शब्द येईल म्हणून. कधी यायचाच नाही. मग ते हात हलवून म्हणायचे, तब्येत चांगली दिसतेय.

ते गेले तेव्हा मी पोचले नाही. चौथ्या दिवशी पोचले. मायनं सांगितलं की शेवटचे दोन दिवस ते डोळे मिटूनच होते, त्यामुळे त्यांच्याशी काही बोलता आलं नाही. तिनं त्यांच्या हातावर बोटानं काहीतरी लिहिलं. काय, ते तिनं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मी आता धुळ्यातच राहते. तिकडची नोकरी सोडली. मी झरझर वाचते, दोन-तीन दिवसांत एक पुस्तक होतं. मध्यंतरी एकदा दार लावून मी आरशासमोर बसले आणि जुनी एक कादंबरी ओठ हलवून वाचायचा प्रयत्न केला. जमलं नाही. डोळे पुढे निघून जातात, ओठ मागे राहतात.

संध्याकाळी मी ओट्यावर वाचत बसते. माय जवळ बसून भाजी निवडते. तिला चांगलं ऐकू येतं. अधूनमधून ती विचारते, "काय चालू शे त्यामा?" आणि मी पान न उलटता, जेवढं झालं तेवढं, तिला तोंडानं सांगते.